रिकाम्या खुर्च्यांसाठी काही नावं

(खोन केनच्या बाहेर, भातकापणी उरकल्यावर. फिरत्या सिनेमाचा मालक थविल, नव्या मदतनीस मुलीला.)

लिहून घे, बुआलाय. पण आधी खुर्च्या.
चाळीस. पहिली रांग म्हाताऱ्यांची,
कोणी बसणार नाही म्हणून अंगचोरी नको.
नवस फेडणाऱ्या बाईचा मुलगा तैवानहून धड परतला,
तिने या चिंचेखालच्या सगळ्यांना
रात्रभर सिनेमा कबूल केलाय.
भुतांचेच लाव, म्हणाली.
म्हटलं, बाई, त्यांना त्यात काय नवल?
म्हणाली, मला बघायचेत.

तर पहिला, 'शिवणयंत्र'.
मनिलाचा, काळापांढरा, रक्ताचा थेंब नाही.
एक विधवा, एक कुलूपबंद खोली.
रात्री मशीनचा आवाज येतो, एवढंच.
सकाळी बाळाचं झबलं शिवून तयार.
घरात बाळ नाही.
साठ वेळा लावला असेल मी,
अजून आमच्या घरातलं मशीन
चादर टाकून ठेवतो.

दुसरा इटलीचा. डब्यावरचं नाव गंजलं,
आम्ही 'हातमोजे' म्हणतो.
एकदा रिळं उलटसुलट लागली. चूक माझी, प्यायलो होतो.
माणूस आधी मेला, मग पुरला गेला,
आणि मग शिट्टी वाजवत लग्नाला निघाला.
पुढच्या बाया हमसून रडल्या.
सरळ लावलास तर साधा खुनाचा सिनेमा आहे.
डब्यांवर खडूने आकडे आहेत,
माझे पाळ, कारखान्याचे नको.

तिसरा आपल्याकडचाच, 'मिठाची विहीर'.
त्या काळी फिल्मला आवाज नसायचा.
पडद्याशेजारी माइक, माइकमागे सांगवान.
नायिका ती, सासू ती, कुत्रं ती,
दारामागची बुडून मेलेली बाईही तीच.
पुरुष सगळे मी; मी वाईटच करायचो.
पुढे तिचा घसा बसायला लागला, म्हणून
एका दुपारी कॅसेटवर भरून घेतलं.
तिसऱ्या रिळात दार करकरतं,
ती खोकते,
आणि हळूच म्हणते, 'माफ करा.'
लोक त्या 'माफ करा'लाच किंचाळायचे.
त्यांना वाटायचं, भूत बोललं.

घाबरायला दुसरे शंभर आहेत, बुआलाय.
हा त्या खोकल्यासाठी बघ.
एकदा तरी, एकटी, आवाज मोठा करून.

आता नीट ऐक.
जित्या माणसांना सिनेमा पुरता दाखवायचा:
भिक्खू येतो, मंत्र, धूर, मडकं,
ती मडक्यात जाते, तोंडाला फडकं बांधतात,
माणसं सुटकेचा श्वास टाकून चपला शोधतात.
इथे मात्र शेवटचं रीळ डब्यातच राहू दे.
ती अंगणात उभी आहे, तिथेच दिवा बंद कर.
एका वर्षी तांदूळवाल्या शेठजीने हट्ट धरला,
पैसे पुरे दिलेत, सिनेमा पुरा हवा.
लावला.
काही झालं नाही. वारासुद्धा नाही.
सकाळी नैवेद्याचा चिकट भात
जसाच्या तसा होता,
लाल सरबताच्या बाटलीत नळी सरळ उभी.
त्या भाताला मुंगी लागली नव्हती.
एकही.
मी खाली वाकून, चष्मा लावून पाहिलं.

बाई झोपली बघ, पहिल्याच सिनेमाला.
तिच्या पायावर गोधडी टाक.
जनरेटरमध्ये डिझेल बघून ये,
पडद्यावर पाली येतील, हाकलू नकोस,
त्या येतातच.
आणि पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरी खुर्ची,
मघापासून डुगडुगतेय.
तिच्या पायाखाली
पुठ्ठ्याची घडी सरकव.
हळू.