बारदान

मंगळवारी पाच चाळीसला
कोपरखैरण्याच्या चौदा सेक्टरात
झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना.
खाली कुणाच्यातरी भाडेकराराच्या प्रती निघत असतात,
वर मी खुर्चीत.
घरी सांगितलंय, खांद्याच्या फिजिओला जातो.
तेवीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात काढलेला माणूस,
खांद्यावर कुणीही विश्वास ठेवतं.
खरं तर मी मापाडी. पोती हमाल उचलतात.
हे उज्वलाला ठाऊक आहे.
ती काही बोलली नाही.

सावे मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"शून्य ते दहा. छातीवर किती ओझं वाटतं?"
मला हसू आलं.
जन्मभर दुसऱ्यांच्या मालाला आकडा दिला,
पन्नास दोनशे, एक्कावन्न सहाशे,
खणखणीत ओरडून, पावती फाडून,
आणि इथे तोंडातून निघेना.
"सात लिहा," म्हणालो.
"मी काही लिहीत नाहीये, शिंगोटे."

गोष्ट मोठी नाही. म्हणून तर लाज.
कुणी गेलं नाही, कर्ज बुडालं नाही.
पौषातल्या एका पहाटे गाळ्यासमोर
वजनकाट्याचे लाल आकडे हलायला लागले,
हलतच राहिले.
मागे लासलगावच्या गाडीचा हॉर्न.
कुणीतरी म्हणालं, "शिंगोटे, बोला की!"
काटा केव्हाच थांबला होता.
हलत मी होतो.

त्या रात्री केतकीच्या कंपासपेटीचं झाकण तुटलं
एवढ्यावरून मी असा ओरडलो
की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला.
पोरगी झाकण हातात धरून उभी.
मग रोज तीनला जाग.
गॅसचं बटण, दाराची कडी, परत गॅस.
आईची शुगर, क्लासची फी,
बाथरूमच्या छताला आलेली ओल,
सगळं एकाच काट्यावर, एकावर एक.

चौथ्या मंगळवारी मीच मॅडमना शिकवलं,
पोत्यासकट भरतं ते मालाचं वजन नव्हे.
बारदान वजा करायचं.
गोणपाट ओलं असेल तर आणखी.
त्या थोडा वेळ गप्प.
"मग तुमचं बारदान कोणतं?"

त्या खोलीतल्या पंख्याला एक टकटक आहे.
मी एकोणीसपर्यंत मोजली.
मग न बोलावता वडील आले बोलण्यात,
ओतूरच्या ओट्यावर पाय पसरून,
"बाईसारखा रडतो काय," म्हणत.
तेव्हा मी नऊ वर्षांचा, कुत्रं मेलं होतं.
कुत्र्याचं नाव मोत्या, हे मी मॅडमना सांगितलं
आणि टेबलावरच्या कागदी रुमालांचा डबा
त्यांनी नुसता दोन बोटं इकडे सरकवला.
बाकी काही नाही. दोन बोटं.

बरा झालो, असं नाही.
तीनला अजून उठतो.
गॅस एकदा बघतो, फार तर दोनदा.
त्यांनी सांगितलंय, घाबरायला झालं की
तळपाय जमिनीला टेकवायचे
आणि दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या.
परवा मार्केटात करून पाहिलं.
सुतळीचा गुंडा. चहाची किटली.
फुटलेला, कोंब आलेला बटाटा.
हमाल नामदेवची एक चप्पल.
दुसरी चप्पल शोधण्यात
घाबरायचं राहून गेलं.

केतकीला नवी कंपासपेटी आणली.
तिने जुनीच ठेवलीय, झाकणाला रबरबँड लावून.
"सॉरी" म्हणायला मला आठ दिवस लागले,
तिला "बरं" म्हणायला एक सेकंद.
कोणाचं वजन जास्त, अजून कळलेलं नाही.

काल उज्वला वाटाणे सोलत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"खांदा काय म्हणतो?"
"हलका आहे जरा."
"मापाड्याचा खांदा," ती म्हणाली.
चार-पाच शेंगा तशाच गेल्या.
मग, "येत्या मंगळवारी मी येते खालपर्यंत.
झेरॉक्स काढायच्यात."
कशाच्या, तिने सांगितलं नाही.
मी समोर बसून
सोलायला एक मूठ शेंगा घेतल्या.