खालचा चौकोन

कामठीच्या छावणीत आम्ही शिरतो
तेव्हा सकाळचे सव्वासात. पासवर बाबांचा फोटो,
माझं नुसतं नाव : मदतनीस.
सायकलच्या हँडलला टर्पेंटाइनची बाटली,
डबा माझ्या मांडीवर.

भिंत आठ बाय सहा.
सुभेदार शेडगे चार घड्यांचा कागद उलगडतात.
"सोनकुसरे, हे असंच्या असं. कानामात्रा हलायची न्हाई."

बाबा कागद आधी उलटा धरतात.
वाचलं की हात चुकते म्हणतात,
आपण फक्त आकार पाहायचा.
सरळ कागदात सगळ्यात मोठा चौकोन वर, मुख्यालयाचा,
मग कमांड, कोअर, डिव्हिजन,
प्रत्येक आधीच्याहून बोटभर बारीक,
शेवटी सेक्शन, काडेपेटीएवढा.
उलटा धरला की
आईच्या फळीवरची उतरंड होते ती,
मोठं मडकं खाली,
त्याच्या डोक्यावर बाकी सगळी.

"रेघ वरूनच खाली आणा लागते, पोरी.
खालून वर नेली त ओघळते थे."

दुपारपर्यंत ब्रिगेड वाळली.
बटालियनचा ब मी भरला,
बाबांनी पोट जरा गोल केलं त्याचं.

चेतनचा फोन परवा आला होता.
जेवलो. थंडी आहे. कुठे ते सांगता येत नाही.
मग आवाज तुटला, आणि बाबा
बंद फोन कानाला धरून
हो हो म्हणत राहिले थोडा वेळ.
तो कोणत्या चौकोनात बसतो
हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही.
भिंतीपाशी मला विचारलं, हळूच,
"सेक्शनात किती जन रायतात?"
दहा, मी म्हटलं. कागदावर नव्हतं.
मला चेतननेच सांगितलेलं.

चारला सुभेदार फूटपट्टी घेऊन आले.
वरून मोजत मोजत खाली,
शेवटी गुडघ्यावर बसले.
"सोनकुसरे, ह्यो मोठा झालाय."
"हो साहेब."
"अर्धा इंच."
"दहा जन मावा लागतात न साहेब."

टर्पेंटाइनचं फडकं माझ्या हातात तयार होतं.
सुभेदार बसलेच होते.
पट्टीच्या टोकाने त्यांनी
बुटावरचा निळा थेंब खरवडला,
तो निघाला नाही.
"वाळूद्या," म्हणाले. "मग बघू."

बिल मी लिहिलं, गेटवर, सायकलच्या सीटवर ठेवून :
चौकोन नऊ, रेघा आठ.
मजुरी दोन माणसांची.