मौजे कवठाळी, बेचिराग

कागदावर हे गाव अजून आहे.
गट एकशे चौदा. घरे निरंक.
लोकसंख्येच्या रकान्यात शून्य,
माझ्या आधीच्या कुणा मोजणीदारानं काढलेलं,
जरा लांबट, भुईमुगाच्या शेंगेसारखं.

मी रोव्हरची काठी घेऊन गेलो.
आभाळात सतरा उपग्रह सापडले.
जमिनीवर एकच माणूस:
पुंजाराम सरवदे, शेजारगावचा कोतवाल,
खांद्यावर पंचा, हातात बाभळीचा फोक.

मी म्हणायचो, गट बावीस.
तो म्हणायचा, तेलणीचं.
मी म्हणायचो, तेवीस ब, पोटखराब.
तो म्हणायचा, खराब कशानं? चोपण हाय ती.
म्हशी लोळायच्या हितं.
मग एका काळ्या तुकड्यापाशी थांबला,
फोकानं ढेकूळ फोडलं.
ही हाडकी. आमची होती.
बाकी काही बोलला नाही.

गाव का उठलं, ते नीट कुणी सांगत नाही.
प्लेग म्हणतात. रोहिले म्हणतात.
बारवेचं पाणी एका रात्रीत कडू झालं, असंही.
पण गाव गेलं कुठं, ते पुंजारामला पक्कं ठाऊक.
गाड्या भरभरून नेली की पांढरी.
चारी गावांच्या माळवदांवर टाकली.
म्हणजे कवठाळी आता
दुसऱ्यांच्या डोक्यावर आहे,
उन्हाळ्यात त्यांना गार ठेवत.
कधी धाब्यावर मिरच्या वाळत घालताना
एखाद्या बाईच्या टाचेला
बांगडीची हिरवी काच लागते,
तिची नसलेली.

शिवेवर एक दगड, शेंदरानं बुजलेला.
लोक म्हसोबा म्हणतात.
नखानं खरवडलं तर खाली
ढाल, एक गाय, पडलेला माणूस,
वर चंद्र आणि सूर्य, दोघंही झिजलेले.
गाय सगळ्यात कमी झिजलीय.

निजामाच्या वेळचं टिप्पण माझ्या पिशवीत होतं,
उर्दूत. कचेरीतल्या हमीदसाहेबांनी वाचून दिलं होतं
आणि एका नुक्त्यावर अडले होते:
कवठाळी की कोठाळी, सांगता येईना.
पुंजारामला विचारलं तर हसला.
बोलवायला माणूस ऱ्हायला नाई साहेब,
मग नाव कसंबी म्हणा.

वेळअमावस्येला मात्र या, म्हणाला.
कडब्याच्या खोप्या, आंबिलाची मडकी,
भज्जीचे टोप, बाजरीचे उंडे,
लेकीबाळी, सोलापूर-पुण्याच्या गाड्या.
त्या दिवशी मोजा शून्य.

बारव शेवटी राहिली होती.
मी काठी काठावर टेकवून उभा.
पुंजाराम वरच्या पायरीवर बसला, वहाणा काढल्या.
गावची शीव आमच्या आज्यानं दाखवायची,
भांडण लागलं की त्याची साक्ष खरी.
तहान लागली की ह्या पायरीच्या अलीकडं हुबं राहायचं.
कुणी वतलं तर वंजळीत.

मग तो उतरू लागला.
मोठ्यानं मोजत, एक, दोन,
सोळाव्या पायरीला एक निखळलेली होती,
ती त्यानं ओलांडली पण मोजली.
खाली पाणी होतं की नुसता पाला,
वरून मला दिसलं नाही.

यंत्रानं विचारलं: बिंदूचे नाव?
एरवी मी आकडा टाकतो.
बोट तसंच राहिलं पडद्यावर.
खालून आवाज येत होता,
एकवीस, बावीस.