चाळिसावा बाण

तहसील कचेरीतून मिळाला एक लिटर पिवळा ऑइलपेंट,
दोन ब्रश आणि सहीशिक्क्याचा कागद:
दातेगड, पायवाटेच्या खुणा, एकूण बाण चाळीस.
मी पाटणच्या हायस्कुलातला भूगोलाचा मास्तर.
बाण म्हटलं की मला फळ्यावरचे वारे आठवतात,
नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे,
सव्वीस वर्षांत एकदाही न चुकलेले.

मार्गशीर्ष होता. केरा नदीच्या खोऱ्यात धुकं असं साचलेलं
की कुणी रात्री दूध काढून ठेवलं
आणि डेअरीची गाडी आलीच नाही.
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या,
निम्म्या फिरत, निम्म्या उभ्या,
सोमवारच्या पहिल्या तासाला बसतो तसा वर्ग.

पहिला बाण टोळेवाडीच्या शेवटच्या बांधावर.
दुसरा करवंदीच्या जाळीखाली, ओरखड्यासकट.
तिसऱ्याचा धोंडा दवानं ओला, रंग धरेना,
शर्टाच्या बाहीनं पुसला.
नवव्यापर्यंत हात बसला.
पंधराव्याला मी स्वतःशीच पाढे म्हणत होतो.

एकविसाव्याला वाट फुटली.
उजवी उघड्या कातळावरून,
डावी कारवीत शिरणारी, जास्त मळलेली.
मळलेली ती खरी, असं मीच शिकवतो.
डावीकडे बाण काढला, टोक जरा झोकदार.
चार पावलं जाऊन मागे पाहिलं तर
ठकूबाई झोरे शेणाचा गोळा घेऊन
माझा बाण सारवत होत्या.
सावकाश, चूल सारवावी तशा,
कडासुद्धा सोडली नाही.

‘आवं मास्तर, ही गडाची न्हाई.
ही पान्याची.’

मग त्या पुढे, मी मागे.
कारवीची वाळकी बोंडं कानात शिरत होती.
कातळाला एक भेग, भेगेखाली
परातीएवढं पाणी. काठावर उपडी करवंटी.
चिखलात म्हशींचे खूर, सांबराचे खूर,
आणि एक ठसा, ज्याच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

‘बाण काडला की मानसं येत्याल.
मानसं आली की बाटल्या येत्याल.
गड लई मोटा हाय, समद्यास्नी पुरंल.
ह्ये यवढुसं हाय.’

नाव काय याचं, मी विचारलं. सवय.
त्यांनी माझ्याकडे
पहिल्या बाकावरच्या ढ मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.
‘पानी.’

वर गडावर तलवारीच्या घाटाची विहीर आहे,
पायऱ्या उतरावं तसं आभाळ चिंचोळं होत जातं.
तिच्याकडे कुणीही यावं, फोटो काढावेत.
तिथवर मी उजव्या वाटेनं बाण नेले,
कोरलेल्या मारुतीच्या अलीकडे शेवटचा,
एकोणचाळिसावा.
वाऱ्यानं नाकात रंगाचा वास कोंबला.
खाली धुकं विरून केरा दिसू लागली होती,
नकाशात असते तशी निळी मुळीच नाही,
मातकट, मध्येच तुटलेली, पुन्हा सापडलेली.
तिच्या कुठल्या कुठल्या परातींवरून
ती इथवर आली असेल, हे कुणी मला परीक्षेत विचारलं नाही.
मीही कुणाला विचारलं नाही.

उतरताना डब्यात थोडा रंग उरला होता.
एकविसाव्याच्या जागी शेण वाळून दगडाच्या रंगाचं झालेलं.
ठकूबाई तिथंच, म्हशीला टेकून.
‘ऱ्हायलाय तर हिच्या शिंगास्नी लावा की.’
‘आत्ता कुठला बेंदूर?’
‘म्हशीला काय कॅलेंडर दिसतंय?’

मोरी उभी राहिली, रवंथ करत, डोळे अर्धे मिटून.
शिंगं मागे वळलेली, गरम, खरखरीत.
असा पृष्ठभाग मला दिवसभर मिळाला नव्हता.
दुसरं शिंग संपायच्या आतच ती कंटाळली
आणि मला न विचारता कारवीत शिरली.
तिन्हीसांजेला दोन पिवळी टोकं
वर, खाली, पुन्हा वर,
मग नुसती पानांची सळसळ.

सोमवारी साहेबांनी यादीवर पेन्सिल टेकवली.
‘एकोणचाळीसच? चाळिसावा कुठंय?’
आहे, म्हटलं.
चरायला गेलाय.