बावीस डिग्री

पोरीनं नागपुराहून आणले दोन,
आईस्क्रीमच्या डब्यात, डब्याला ओला पंचा,
एसटीत मांडीवर धरून वरोऱ्यापर्यंत.
एक्सोलॉटल. मला नाव धड येईना,
रत्नमाला त्यांना पाहुणे म्हणायला लागली.
एक गुलाबी, एक मातकट.
मानेभोवती पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरं.
हसत नाहीत ते बाबा, श्रावस्ती म्हणाली,
तोंडाची ठेवणच तशी.

"सोळा-अठरा डिग्री लागते यांना."
मी खांबावरून उतरून आलो होतो, पक्कड कमरेला,
बाहेर शेहेचाळीस.
म्हटलं, आपल्यालेही लागते.

मी वायरमन.
लाईन गेली की गावाला माझं नाव आठवतं,
नावाआधी काय काय लावून.
आता घरूनही फोन येऊ लागले:
पाणी पंचवीस झालं,
मातकट्यानं कल्ले पुढं वळवलेत,
गांडूळ तोंडात धरून थुंकला.

फ्रीजरमधून आंब्याचा रस गेला, मटार गेले,
बाटल्या आल्या. दोन गोठायला, दोन पाण्यात,
दर चार तासांनी अदलाबदल, रात्रीही.
कूलरसमोरून आमची खाट सरकली.
वाळ्याच्या वासात पाहुणे, घामात आम्ही.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी डीपी जळाली.
तेल उतू गेलं, वास शाळेपर्यंत.
दुसरी चंद्रपूरहून येणार.
कधी? उद्या.
हे मी गावाला बावीस वर्षं सांगतो.
त्या दिवशी पोरीला सांगितलं,
तर तिनं गावासारखंच पाहिलं माझ्याकडं.

पत्रुजी कुंभारानं कोपऱ्यातला डेरा काढून दिला.
"रेती जास्त पडली याच्यात. लय पाझरते.
प्यायच्या पाण्याले कामाचा नाही. न्या."
बोळीच्या तोंडाशी मांडला, जिथून झळ आत शिरते,
भोवती गोणपाट, गोणपाटावर तांब्या तांब्या पाणी.
ज्या वाऱ्यानं माझा घोळणा फुटला दुपारी,
तोच वारा गोणपाटाला लागून
आत काय करत होता कोण जाणे.
रात्री अठ्ठावीस. पहाटे बावीस.
श्रावस्ती थर्मामीटर धरून तिथंच भुईवर झोपलेली.

लोक पाहायला आले. कवडूकाकानं विचारलं,
खाता येते का वो?
नाही म्हटल्यावर बसून राहिला तरी,
डेऱ्यावर एक तांब्या ओतून गेला.

मधे केव्हा तरी मातकट्यानं गुलाबीचा पंजा तोडला होता,
भुकेनं की तपनीनं, माहीत नाही.
मी धसकलो. श्रावस्ती नाही.
येतो म्हणाली परत.
मी रोज बॅटरी मारून पाहायचो.
आधी नुसता गोळा, मग गोळ्याला चिरा,
मग मोहरीएवढी बोटं. एक, दोन.
आमच्या फिडरवरच्या दिवाकरचा हात
अकरा केव्हीनं कोपरापासून नेला, त्याला सहा वर्षं झाली.
तो आला होता एकदा डीपीचा कागद घेऊन.
मी त्याला डेऱ्याशी नेलं नाही.
चहा पाजला दारातच.
जाताना म्हणाला, पोरीनं काहीतरी पाळलंय म्हणे?
म्हटलं, मासे आहेत साधे.

डीपी आली चौथ्या दिवशी.
फ्रीज सुरू झाला, पण डेरा हलवला नाही कुणी.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले.
पाऊस नाही, नुसते ढग, चिकट.
गाव खुश. खाटा अंगणात, पोट्टे उघडे नाचतात.
गोणपाट ओलंच्या ओलं, सुकेना,
आणि डेऱ्यातलं पाणी चढू लागलं:
तेवीस, साडेतेवीस.
बाटल्या दोनाच्या चार केल्या, तरी चढतंच.
श्रावस्ती तांब्या घेऊन अंगणात उभी,
सगळं गाव ज्याच्याकडं हात जोडतं
त्याला म्हणते, जाय ना बाप्पा, आठ दिवसांनी ये.

मी गाडीला किक मारली.
मुनाफभाईचा बर्फ कारखाना नऊला बंद होतो.