वीतभर

कारूच्या माळावर, फाटकाशी माझं काम एवढंच:
येणाऱ्याचा फोन घ्यायचा, बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा,
पेट्रोलची गाडी असेल तर माघारी वळवायची.
डिझेल चालतं.
पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते,
आणि पलीकडे उताण्या पडून ऐकणाऱ्या पांढऱ्या ताटल्यांच्या
कानात ती ओरडते.

लेना मावशी मेंढी कातरता कातरता विचारते,
"डाविट, ऐकतात तरी काय ते?"
लाटा, मी म्हणतो.
ती मेंढीच्या पाठीवर डोकं टेकून हसते.
इथे पवनचक्की तासभर करकरते
तेव्हा कुठे बादलीचा तळ ओला होतो.

या लाटेला पाणी लागत नाही, मावशी.
हवा नको, दोर नको.
वीज हलली की तिच्या काटकोनात चुंबक जागा होतो,
चुंबक हलला की पुन्हा वीज.
एकमेकांना उठवत दोघं चालत राहतात,
पायाखाली काहीच नसताना.

"तुझ्या चुलीची धग, तीही लाटच.
कात्रीवर आत्ता चमकलं, ते.
मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात फोटो काढला ना,
तीच, फक्त इतकी बारीक
की मांसातून गेली, हाडाशी अडली."
"आणि यांची?"
मी पंजा ताणतो, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
एवढी. एक वीत.
कुठेतरी हायड्रोजनचा एकटा कण
कोटभर वर्षांत एकदा कूस बदलतो,
तेवढ्यानं ही सुटते.
फार लांबून आली तर वाटेत ताणली जाते.

मावशी कात्री खाली ठेवते, स्वतःचा पंजा उघडते.
मोडल्यापासून तिची वीत आखूडच.
"लांबून येणारं ताणतंच," ती म्हणते,
मग डब्याकडे बघते.
"यात माझाही आहे. आत्ता खेर्टनं केपटाउनहून लावला असेल तर?"
"पत्र्यातून आत नाही येत."
"मग दाराशी थांबते?"
"थांबता येत नाही तिला. थांबली की ती उरतच नाही."
"मग जाते कुठे?"

मी वर बोट दाखवतो, नक्की नसताना.
अर्धी कातरलेली मेंढी
तिच्या गुडघ्यांतून निसटून
पळते, मागे लोकर फरफटत.