अठरा चौकटी

ईश्वरा सणगर मास्तर
मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर
म्हशीला पळवायचे, उडवायचे,
आणि कधी कधी, हे सगळ्यात अवघड,
नुसती उभी करायचे.

खाली शाळू दळला जायचा,
वर आमच्या कागदांवर पिठाची साय.
मी सतराचा. कामाचं नाव : मधली चित्रं.
मास्तर पहिलं काढत, शेवटचं काढत,
मधलं सगळं आयुष्य माझ्याकडे.

पहाटे गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
पैलवान धारोष्ण पेला तोंडाला लावत तेव्हा
मास्तर म्हशीचा कान बघत उभे.
"माशी बसल्यावर कान हालतो," म्हणायचे,
"पण माशी बसणार हे तिला आधी कळतं.
ते बघ."
तालमीत आखाड्याच्या काठावरही तेच :
"पडणाऱ्याला काय बघतोस लगा?
आता पडणार हे त्याला कळतंय, तिथं बघ.
हसू तिथं असतंय. पडणं नुसती माती."

नेमगोंडा शेठच्या दंतमंजनाची जाहिरात. चाळीस सेकंद.
पैलवान दात घासतो, दंड थोपटतो,
म्हशीच्या गळ्यात दोर घालून ओढतो.
पानपट्टी सरकत येते.
टांगा येतो, घोडा उलटा तोंड करून.
न्हावी येतो, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत.
अख्खी पेठ ओढली जाते दोराबरोबर
आणि म्हैस?
म्हैस तिथंच.

मग काहीच नाही.

मग एक डोळा मिटते. उघडते.

या "काहीच नाही"साठी मास्तर महिनाभर जागले.
बारा चौकटी ठेवल्या : घाई वाटली.
चोवीस ठेवल्या : म्हैस मेल्यासारखी.
पहिला प्रेक्षक नेहमी अक्काताई,
मास्तरांची बायको, पिठाच्या पोत्यावर बसलेली.
दिवा लागला की एकच निकाल,
"मी नाही हसलो."

एका रात्री जेवताना मास्तर म्हणाले,
रश्श्यात मीठ जरा...
अक्काताईनं वर पाहिलं.
थांबली.
एकदा पापणी मिटली. उघडली.
मास्तर उठले ते खरकट्या हातानं जिना चढले.
त्या चित्रावर तांबड्या रश्श्याचं बोट
शेवटपर्यंत होतं. मी पुसलं नाही.

शेठ फुटावर पैसे मोजायचा.
"या अठरा चौकट्यांत काय होतंय?"
"काय बी न्हाई."
"मग पैसे कशाचे?"
"शेठ, हसणाऱ्याला बसायला
जागा नको का?"

टॉकीजमध्ये पहिल्या दिवशी
पुरुषांच्या बाजूनं टोप्या उडाल्या,
पुढच्या बाकावरचा एक पोरगा खरोखर घसरून पडला
(मास्तरांनी मान वळवून त्याचं पडणं नीट पाहिलं).
बायकांच्या बाजूला अक्काताई
पदर तोंडात धरून,
खांदे गदगदा हलतायत.
घरी आल्यावर, चूल पेटवता पेटवता :
"मी नाही हसलो."

मास्तर गेले त्या साली गिरणी विकली.
रिळं कासारानं वजनावर नेली, बांगड्या करायला.
कुणाच्या हातात किती दिवस
ती पेठ, तो टांगा, ती अर्धी दाढी किणकिणली
देव जाणे.

माझ्याकडे एक तुकडा उरलाय,
बोटभर रुंद, वीतभर लांब.
मोजलाय. अठरा.
पापणीच्या आधी कापलेला.

परवा नातीला खिडकीशी नेऊन दाखवला.
उन्हापुढे धरून ती एकेक म्हैस बघत गेली,
अठराही सारख्या.
"आजोबा, यात तर काहीच होत नाही."

म्हटलं, थांब.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मी काही बोललो नाही.
आणि पोरगी
फिस्सकन हसली.